संपादकाला ‘कशी वाटली?’ असं विचारू नका

माझ्या कादंबरीत ऐन दिवाळीत मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना मार्केटात उतरली होती. मी अडत्याची पोरगी. बहार म्हणजे झाडाला मोहर येण्याचा हंगाम. अंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारीपासून पुढे, हे पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. तरी पान 212 वर घोळ घातलाच, आणि बाड वाचलेल्या घरच्या-ऑफिसातल्या सहा जणांपैकी एकालाही तो दिसला नाही. पकडला तो पुण्याच्या संपादकबाईंनी. त्यांनी संत्र्याची बाग जवळून पाहिलेलीही नाही. समासात एवढंच लिहिलं होतं : ‘पान 40 वर वडील म्हणतात, मृगाचा माल फेब्रुवारीत निघतो. मग इथे दिवाळीत कसा?’

व्यावसायिक अभिप्राय म्हणजे काय, ते मला त्या ओळीत कळलं. जाऊबाई ‘छान लिहून राहिली तू’ म्हणाल्या होत्या, तेही मनापासूनच. पण त्या मला ओळखतात, म्हणून चुकीच्या जागी मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातात.

आता कामाचं. आपल्याकडे ‘संपादन’ या एका शब्दात चार वेगळी कामं कोंबलेली असतात, म्हणून आधी आपल्याला कुठलं हवंय ते ठरवा. पूर्ण बाड वाचून पाच-दहा पानांचा अहवाल देणं हे एक. प्रकरणांची जुळणी, पात्रं, काळ, निवेदन यांत हात घालून पानोपानी टिपा देणं हे दुसरं, आणि सर्वांत महाग. वाक्यं आणि भाषा तासणं हे तिसरं. मुद्रितशोधन, म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका काढणं, अगदी शेवटचं. मी उलट्या क्रमाने गेले. पहिल्या खर्ड्याचंच मुद्रितशोधन करवलं, ऱ्हस्व-दीर्घ चोख झालं, आणि मग अहवाल वाचून साठ पानं काढून टाकली. शुद्ध केलेली साठ पानं रद्दीत गेली, पैशांसकट. पहिलीच कादंबरी असेल तर आधी नुसता अहवाल घ्या.

संपादक शोधायचा कुठे? मराठीत संपादक म्हटलं की मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावं निघतात, आणि मागोमाग उसासे. पण ते प्रकाशनगृहाचे संपादक होते, तुम्ही-आम्ही फी देऊन नेमलेले नव्हेत. हा फरक लक्षात ठेवा. प्रकाशक बाड वाचायला देतो तेव्हा तो अभिप्राय त्याच्यासाठी असतो. तुमच्या हातात येतो तो होकार किंवा नकार. तुम्हाला स्वतःसाठी हवा असेल तर माणूस स्वतः गाठावा लागतो. 2023 च्या फेब्रुवारीत वर्ध्याला साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी पुस्तकांच्या गाळ्यांवर एकच उद्योग केला : आवडलेल्या कादंबऱ्यांचं मनोगत आणि ऋणनिर्देश उघडून पाहिले. पुष्कळ पुस्तकांत मुद्रितशोधकाचं नाव असतं, संपादकाचं नसतं. पण लेखक आभारात कुणाचं तरी नाव घेतो. तशी पाच नावं मिळाली, त्यातल्या तिघांनी उत्तर दिलं. नागपुरात असाल तर विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना जाऊन चार लिहित्या माणसांना विचारा, त्यांचं बाड कुणी वाचलं होतं.

एक ठेच मात्र सांगते. एका प्रकाशनाने माझ्याकडून ‘संपादन शुल्क’ घेतलं आणि चार ओळींचं पत्र पाठवलं : विषय नावीन्यपूर्ण, शैली ओघवती, आम्ही प्रकाशित करू, खर्चाचा तपशील सोबत. जो छापण्याचे पैसे तुमच्याकडून घेणार, तो तुम्हाला साठ पानं कापा असं कशाला सांगेल? संपादन आणि छपाई एकाच खिशात जाऊ देऊ नका.

काम देण्याआधी दोनेक हजार शब्दांचा नमुना करून घ्या, आणि त्याचे पैसे द्या. नमुन्याला पहिलं प्रकरण पाठवू नका. ते आपण वीसदा घासलेलं असतं. मधलं, आपल्यालाच जरा नकोसं वाटणारं पाठवा. मी हमालांच्या भांडणाचं प्रकरण दोघांना पाठवलं. एकांनी ‘काऊन आला बे?’ खोडून ‘का आलास रे?’ केलं, आणि ‘जाऊन राहिलो’ सगळीकडे ‘जात आहे’. बाईंनी बोलीला हात लावला नाही. त्यांनी विचारलं, ‘मुकादम नागपुरी बोलतो, त्याची बायको मधे मधे हिंदी. पण नवव्या पानावर ती अचानक प्रमाण मराठी बोलते. मुद्दाम केलंय?’ मुद्दाम केलं नव्हतं. तिथेच निवड झाली.

बाड पाठवताना युनिकोडमध्येच पाठवा. माझी जुनी प्रकरणं सीताबर्डीच्या एका डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केली होती. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा असा चुराडा झाला, की दोन रविवार त्यातच गेले. अक्षर 14 पॉइंट, ओळींत दीड पट अंतर, रुंद समास, आणि पृष्ठांक विसरू नका. त्याशिवाय ‘पान 212’ म्हणता येत नाही. सोबत एका पानाचं कथासार जोडा, शेवटासकट. संपादकापासून शेवट लपवून काही मिळत नाही. आणखी एक कागद भाषेचा : निवेदनात ‘केलं-गेलं’ ठेवायचं की ‘केले-गेले’, कोणतं पात्र कशी बोली बोलतं, आणि कोणते शब्द मुळीच बदलायचे नाहीत. माझ्या यादीत ‘पोट्टा’, म्हणजे पोरगा, पहिला होता.

आणि प्रश्न. ‘कशी वाटली?’ विचारलं तर ‘चांगली आहे’ हेच उत्तर येणार. मी विचारलं : बाड हातातून खाली ठेवावंसं कुठे वाटलं, त्या पानाचा आकडा लिहा. वडील पान 150 वर जातात, त्यानंतर वाचत राहायला कारण उरतं का? लिलावाचा तपशील नागपूरबाहेरच्या माणसाला कळतो की नुसता गोंगाट वाटतो? अहवालातली कामाची पानं याच प्रश्नांतून निघाली.

पैशांचं आधी लेखी ठरवा, साध्या ई-मेलवर चालेल. दर शब्दावर की पानावर, आणि पानावर असेल तर एका पानात किती शब्द धरायचे. मुदत किती, फोनवर बोलणं धरलंय का, दुरुस्तीनंतरचं दुसरं वाचन त्याच पैशांत की वेगळं. मी अर्धे आधी दिले, अर्धे अहवालानंतर. कुणी कादंबरी चोरेल ही धास्ती सोडा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा असतो, नोंदणीची सक्ती नाही.

अहवाल आला मे महिन्यात. अकरा पानं. कूलरसमोर बसून वाचला, तरी कान तापले. लगेच उत्तर लिहू नका. मी पहिल्या रात्री लिहिलेला ई-मेल सुदैवाने पाठवला नाही. आठवड्याने वही घेऊन एकेक टीप उतरवली. बहाराच्या घोळासारख्या चुका आधी निस्तरल्या. मग वादाच्या जागा. बाईंचं म्हणणं, लिलावाचं प्रकरण काढून टाका, वाचन तिथे अडतं. अडतं हे खरंच होतं, जाऊबाईंनीही नेमकं तिथेच दोन दिवस वाचणं थांबवलं होतं. पण प्रकरण काढायला मन धजेना. शेवटी वडिलांच्या कर्जाचा प्रसंग लिलावाच्या आधी आणला. आता बोली वर चढते तेव्हा कुणाचं काय पणाला लागलंय ते वाचकाला ठाऊक असतं, आणि प्रकरण एका ओळीनेही न कापता चालतं. संपादकाने दाखवलेलं दुखणं बहुतेकदा खरं असतं. औषध मात्र आपलं आपण शोधायचं.

दुसऱ्या वाचनाला पूर्ण बाड पाठवलं नाही, फक्त बदललेली चार प्रकरणं. सोबत, कोणत्या सूचना घेतल्या नाहीत आणि का, याचा एक कागद. बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं : ‘लिलाव आता राहू द्या. पण पान 97 वर मुकादमाची बायको पुन्हा प्रमाण बोलायला लागली आहे.’