राइस कुकरला भात कळत नाही : या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत राइस कुकर असतो, पण बहुधा माळ्यावर. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलेला, नाहीतर बंगळुरूच्या मुलाने हौसेने पाठवलेला. "चारदा लावला, तीनदा खाली लागला," एवढं म्हणून घरातली मोठी बाई विषय मिटवते. आमचाही दोन वर्षं तसाच पडून होता. तो खाली उतरला गणपतीत. पंचवीस पानं उठायची होती आणि गॅसचे चारही बर्नर अडकलेले. शेगडीबाहेर भात होऊ शकतो एवढ्याच आशेवर लावला.

सासूबाई दहा मिनिटं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, शिट्टी कधी होणार याची?"

"आई, याला शिट्टी नाही. याचं खट् होतं."

"मग शिजला हे याला कळतं कसं?"

त्याला कळत नाही, हे मला पुढे कळलं. आणि ते कळल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप मिटल्या. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. हे यंत्र शीत बघतच नाही. साध्या, एका खटक्याच्या कुकरमध्ये तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध एक गोल टिकली असते. बोटाने दाबली तर खाली जाते, सोडली की वर येते. तिच्यात चुंबक असतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं, कारण जास्तीची सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पाणी आटलं, म्हणजे काही तांदळात मुरलं आणि काही उडून गेलं, की बूड भराभर तापायला लागतं. साधारण १०३ अंशांच्या पुढे त्या चुंबकाचा जोर जातो, स्प्रिंग सुटते आणि खटका वर उडतो. तोशिबाने १९५५ साली जपानमध्ये पहिला यशस्वी स्वयंचलित कुकर बाजारात आणला, त्यातली युक्ती तर याहून साधी होती. भांड्याच्या बाहेर दुसरं भांडं आणि त्यात मोजकं पाणी. ते आटलं की स्विच बंद.

म्हणजे तेव्हाही आणि आताही यंत्राला कळतं ते एकच: पाणी संपलं. किती पाणी, कसला तांदूळ, हे ठरवायचं काम आपलंच राहतं. बहुतेक चुका तिथेच होतात.

माप

कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा असतो. जपानी माप आहे ते. भांड्याच्या आत कोरलेल्या १, २, ३ अशा रेघाही त्याच कपाच्या हिशोबाने असतात. आता आपल्याकडे होतं काय, की कप पहिल्या आठवड्यात रव्याच्या डब्यात जातो आणि आपण सासूबाईंच्या पितळी मापट्याने तांदूळ घेऊन पाणी मात्र रेघेपर्यंत ओततो. भात कच्चा राहिला की दोष कुकरला. कप हरवला असेल तर रेघा विसरून जा. एकच वाटी धरा, तांदूळ तिनेच, पाणी तिनेच.

दुसरी गोष्ट, त्या रेघा कुठल्या तांदळासाठी आहेत? आपल्या नक्कीच नाही. आमच्याकडे दाल बाजारातून जवळच्या डबरा गावाकडचा कालीमूँछ तांदूळ येतो. साळीच्या टोकाला काळं कुसळ, म्हणून हे नाव. जुना कालीमूँछ वाटीला दोन वाट्या पाणी सहज पितो. नवा असेल तर तेवढ्या पाण्यात त्याचा गोळा होतो; पाव वाटी कमी करावं लागतं, कधी त्याहूनही जास्त. पुण्याहून कुणी आंबेमोहर आणला तर त्याचा मऊ, चिकटसर भात व्हायचाच, तो मोकळा करायच्या नादी लागू नका. बासमती अर्धा तास भिजवला असेल तर तेवढं पाणी त्याने आधीच पोटात घेतलंय, वरचं कमी घाला. नवं पोतं फोडलं की पहिल्या दिवशी एक वाटीच लावून पाहायची, हा आमच्या घरातला नियम आहे आणि मी सोडून कुणी तो पाळत नाही.

सगळ्यात फसवी चूक त्रैराशिकाची. एका वाटीला दोन, म्हणून चार वाट्यांना आठ. तांदूळ पितो ते पाणी वाटीगणिक वाढतं, पण वाफ होऊन जाणारं पाणी त्या हिशोबाने वाढत नाही. झाकण तेच, फट तीच, वेळही थोडाच जास्त. म्हणून चार वाट्यांना सात पुरतात, कधी साडेसहाही. गणपतीतला आमचा पहिला घाणा याच हिशोबाने गिच्च झाला होता. दहीभात करून वाढला, पाहुण्यांनी वाखाणलाही.

खटका लगेच उडतो

तांदूळ अजून पाण्यात आणि पाच मिनिटांत खट्! अशा वेळी आधी भांडं उचलून खाली बघा. टिकलीवर किंवा तबकडीवर एखादं वाळलेलं शीत चिकटलेलं असतं. त्या एका शितामुळे भांडं तिरकं बसतं, मध्ये हवेची फट राहते, तबकडीची उष्णता पाण्यात जात नाही आणि टिकली फुकट तापते. तबकडी गार झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. जळून घट्ट झालेलं शीत असेल तर बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवा. भांडं ठेवल्यावर डावीउजवीकडे किंचित फिरवून बसवायची सवय लावा. बुडाला पोचा आला असेल तर मात्र इलाज नाही, भांडंच बदलावं लागतं. भांड्याचं बूड बाहेरून ओलं ठेवलं तर चर्र आवाज येतो, डाग पडतात, तेही टाळा.

दुसरं कारण फोडणी. मसालेभातासाठी याच भांड्यात तेल तापवून मोहरी तडतडवायची म्हटली, तर खटका उडणारच. तेल १०० अंशांवर थांबत नाही आणि यंत्राला वाटतं पाणी संपलं. मग लोक खटक्याखाली चमचा अडकवतात, चिकटपट्टी लावतात. हे कृपा करून करू नका. ज्या एका गोष्टीमुळे हे यंत्र सुरक्षित आहे तीच तुम्ही बांधून ठेवताय. फोडणी कढईत करा, त्यातच तांदूळ परता, मग कुकरमध्ये टाकून गरम पाणी घाला. भांड्याचा नॉनस्टिक लेपही वाचतो. लेपाचा विषय निघालाच आहे तर, तांदूळ त्या भांड्यात चोळून धुऊ नका, पातेल्यात धुवा. आणि भात काढायला स्टीलचा पलिता नको, लाकडी किंवा बरोबर आलेला प्लास्टिकचा डाव घ्या.

उकळीच येत नाही

ही खास आपल्याकडची अडचण. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या सगळ्या लष्कर भागात कूलर-एसी सुरू झाले की संध्याकाळी दिवे मलूल होतात. २३० व्होल्टवर ७०० वॅट देणारा कुकर १८० व्होल्टवर जेमतेम ४३० वॅट देतो, कारण तापवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. तांदूळ मग बराच वेळ नुसत्या कोमट पाण्यात लोळतो आणि भात पिठूळ होतो. डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या दिवसांत, नळाचं पाणी बर्फासारखं असतं, तेव्हाही थोडं असंच. दोन्हीवर उपाय एकच, आधणाचं पाणी घाला.

पाणी उतू जाऊन ओट्यावर पेजेचा ओघळ येत असेल तर तांदूळ कमी धुतलाय किंवा भांडं जास्त भरलंय. चमचाभर तूप टाका. खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, कच्चा तांदूळ किती ग्रॅम मावतो ते कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

खट् झाल्यावर

लगेच झाकण उघडू नका. दहा-पंधरा मिनिटं वाफ मुरू द्या, मग डावाने हलकेच खालीवर करून पुन्हा झाका. वरचा भात टणक आणि खालचा ओला ही तक्रार यानेच जाते. बुडाशी पातळ तांबूस पापुद्रा धरणं हा बिघाड नव्हे. पाणी संपून बूड तापल्याशिवाय खटका उडतच नाही, तेव्हा थोडी खरवड येणारच. आमच्याकडे तिच्यावर भांडणं होतात.

यापुढची चूक मात्र पोटावर येते. 'वॉर्म'चा दिवा लागलाय म्हणून सकाळचा भात रात्रीपर्यंत तसाच. साध्या कुकरची ऊब फक्त बुडातून येते. चार-पाच तासांत खालचा भात पिवळा पडून कडक होतो आणि वरच्याला वास लागतो. त्याहून वाईट म्हणजे स्विच बंद करून झाकणासकट ठेवून देणं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्याने मरत नाहीत. भात ६० अंशांच्या वर असेल तोवर त्यांचं काही चालत नाही, कोमट झाला की ते वाढतात. त्यांनी केलेलं एक विष नंतर फोडणी देऊन, परतूनही जात नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात भात निवतच नाही, कोमटच राहतो. सकाळच्या फोडणीच्या भातासाठी ठेवायचा असेल तर ताटात पसरा आणि तास-दीड तासाच्या आत फ्रिजमध्ये टाका.

मुळात घ्यावा का?

घेणं हीच काहींची चूक ठरते. आपलं घर पोळ्यांचं. भात शेवटी दोन घास. त्यातून प्रेशर कुकरमध्ये खाली वरण, वर भात, सोबत दोन बटाटे असे एका दमात होतात. हा पठ्ठ्या एकटा भातच करतो. त्यात तुरीचं वरण शिजवायला जाऊ नका. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत चढतं म्हणून डाळ गळते, इथे ती तासभर उकळून फेस काढते आणि खटखटीत राहते. मुगाची खिचडी मात्र छान होते.

तरी दोन ठिकाणी मी तो आग्रहाने घ्यायला लावते. एक, खोली घेऊन राहणारी मुलं. दुसरं, एकटी राहणारी म्हातारी माणसं. माझ्या आत्येसासूबाई गॅस लावून देवपूजेला बसत आणि विसरत. आता खटका दाबतात, विसरल्या तरी तो आपला आपण उडतो. वीज म्हणाल तर ७०० वॅटचा अर्धा तास, म्हणजे युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. फक्त "पाहुणे येतात" म्हणून दोन माणसांना मोठा घेऊ नका. रुंद बुडावर अर्ध्या वाटीचा पातळ थर होतो आणि तो शिजायच्या आत पाणी उडून जातं.

दिवाच लागत नाही

आधी त्याच बोर्डात इस्त्री लावून पाहा. मग वायर, कुकरकडचं टोक ढिलं होऊन काळं पडलेलं असतं. तेही ठीक असेल तर आतला थर्मल फ्यूज उडाला असण्याची शक्यता मोठी. टिकली अडकून कुकर तापतच राहिला, की घर जळू नये म्हणून हा फ्यूज स्वतः जळतो. कधी कुकरचं बाहेरचं अंग नळाखाली धुतल्याने आत पाणी गेलेलं असतं. ते अंग फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. आमचा बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "भाभीजी, डायरेक्ट कर देता हूँ, मस्त चलेगा." डायरेक्ट म्हणजे फ्यूजच्या जागी नुसती तार. मी कुकर पिशवीत घातला आणि दुसऱ्याकडे नेला. तिथे त्याच अंशांचा फ्यूज मागितला, डोळ्यांसमोर बसवून घेतला, आणि तो का उडाला म्हणून टिकलीही साफ करून घेतली. तिच्याखाली मोहरीचा दाणा निघाला.