करंट फीडबॅक ॲम्प्लिफायरची बोर्डवरची थरथर कशी थांबवली: माझा अनुभव

हाती आलेल्या चार लेयरच्या बोर्डावर करंट फीडबॅक ऑपॲम्प (फीडबॅक करंटच्या रूपात घेणारी, सिग्नल वाढवणारी चिप) होता आणि स्क्वेअर वेव्हच्या प्रत्येक कडेनंतर आउटपुट बराच वेळ थरथरत होतं. सर्किट बरोबर, फीडबॅक रेझिस्टर डेटाशीटप्रमाणेच.

आधी ऑसिलोस्कोपच्या प्रोबवरचा संशय फेडला. प्रोबची १० सेंमी ग्राउंड वायर म्हणजे साधारण १०० नॅनोहेन्री. प्रोबच्या १० पिकोफॅरडसोबत ती १६० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते. वायर काढून टोकाला स्प्रिंग लावली. थरथर कमी झाली, पण गेली नाही.

मग ऑपॲम्पच्या इन्व्हर्टिंग पिनकडे (उणे इनपुट, जिथे फीडबॅक येतो) वळलो. खरी मेख तिथेच होती. पॅड आणि लांबट ट्रॅकच्या खाली जेमतेम ०.२ मिमीवर ग्राउंड प्लेन, म्हणजे ग्राउंडला जोडलेला तांब्याचा सलग थर. एफआर-४ मध्ये (बोर्डाचं फायबरग्लासचं साहित्य) एवढ्या अंतरावर दर चौरस मिमीला सुमारे ०.२ पिकोफॅरड कपॅसिटन्स तयार होते. म्हणजे पाच चौरस मिमी तांब्याला एक पिकोफॅरड. या पिनला तेवढंही जड जातं आणि आउटपुट थरथरतं.

खात्री करायला ती पिन पॅडवरून हलकेच उचलली आणि फीडबॅक व गेन, दोन्ही रेझिस्टर हवेतच थेट पिनला डाखले. दिसायला ओबडधोबड, पण कडा लगेच स्वच्छ झाली! फार समाधान वाटलं.

नव्या बोर्डावर या पिनखालचं तांबं सगळ्या लेयरमधून काढलं, ०४०२ आकाराचे छोटे रेझिस्टर पिनला खेटून ठेवले, सप्लाय स्थिर ठेवणारे डिकपलिंग कपॅसिटर सप्लाय पिनांजवळ आणले. बाकीचं ग्राउंड प्लेन मात्र अखंडच ठेवलं. परतीच्या करंटला ते हवंच.