गेमचा संग्रह लावताना: आधी कन्सोल, मग नाव

सगळे गेम नावाच्या क्रमाने एकाच रांगेत लावणं एकाच कन्सोलच्या (गेम खेळायच्या यंत्राच्या) संग्रहाला चालतं. पीएस२, पीएस४ (प्लेस्टेशन २ आणि ४) आणि निन्टेन्डो स्विच एकत्र आले की डब्यांची उंची जुळत नाही आणि हवा तो गेम सापडत नाही. म्हणून आधी कन्सोल, त्यात नाव, आणि मालिका असेल तर भागांचा क्रम. अ‍ॅक्शन, आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) अशी प्रकारवारी फळीवर नकोच. एक गेम दोन प्रकारांत बसतो, मग तो कुठे ठेवला ते दर वेळी आठवावं लागतं. प्रकार यादीत लिहा.

पीएस२चा डबा साध्या डीव्हीडीच्या डब्याएवढा, १४ मिमी जाड. ८० सेंमीच्या फळीवर ५७ मावतात, पण ४५च लावा. मोकळी जागा नसेल तर एका नव्या गेमसाठी पुढची अख्खी रांग सरकवावी लागते.

खरी मदत यादीची होते. साध्या स्प्रेडशीटमध्ये नाव, कन्सोल, रीजन (गेम जगातल्या कोणत्या भागासाठी काढला ते), डिस्कवरचा कोड, पुस्तिका आहे का, कुठे ठेवला आणि कुणाला दिला, एवढे रकाने पुरतात. रीजनचा रकाना कधीही वगळू नका. पीएस२वर रीजन लॉक असतो: अमेरिकी डिस्क (उदा. कोड एसएलयूएस) पाल (युरोपसारख्या रीजनच्या) कन्सोलवर चालत नाही, तिथे पाल डिस्क (उदा. कोड एसएलईएस) लागते. पीएस४ची डिस्क कुठलीही चालते, पण दुसऱ्या रीजनच्या अकाउंटवरून घेतलेलं डीएलसी (गेमचा डाउनलोड करायचा जादा भाग) तिला जोडलं जात नाही. पैसे इथेच वाया जातात. नावात मालिकेतला भाग ‘२’ऐवजी ‘०२’ लिहा, नाहीतर क्रम लावताना १० हा २च्या आधी येतो.

डिजिटल गेमही याच यादीत हवेत, अकाउंटच्या नावासकट. तोच गेम दोनदा विकत घेणं त्याने टळतं. पीसीवर प्लेनाइट हे मोफत सॉफ्टवेअर स्टीम, एपिक आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांतले गेम एकत्र दाखवतं.

गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातातल्या कन्सोलच्या काही कार्ट्रिजमध्ये (गेम असलेल्या डबीत) सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, टिकवायला बॅटरी असते. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर२०२५. ती संपली की सेव्ह जातं, आणि बदलायला काढली तरी जातं. म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिज संगणकाला जोडायच्या उपकरणाने) सेव्हची प्रत काढा, आणि बॅटरी बदलल्याची तारीख यादीत टाका.

पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला फळी चिकटवू नका. डबे उभे ठेवा, फळीवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डिस्कवर स्टिकर लावू नका, फिरताना तोल जातो. क्रमांकाची चिठ्ठी डब्यात पुस्तिकेमागे ठेवा.