सेशन अडकलं की सर्व्हर गोठला?
विरार लोकलमधून मोबाइल हॉटस्पॉटवर अंधेरीचा लिनक्स सर्व्हर एसएसएचने (दुरून लॉगिन करून कमांड देण्याची सोय) चालवताना स्क्रीन थिजली, तर लगेच रीबूट करू नका. आधी कंट्रोल-क्यू दाबा. चुकून कंट्रोल-एस (स्क्रीनवरचं आउटपुट थांबवणारं बटण) दाबलं गेलं असेल, तर एवढ्यानेच सुटतं. नाहीतर एंटर, टिल्ड, टिंब असं ओळीने दाबून सेशन तोडा आणि पुन्हा लॉगिन करा. झालं, तर सर्व्हर जिवंत आहे! बराच वेळ रिकामं राहिलेलं कनेक्शन मधलं नेटवर्क विसरून जातं. म्हणून क्लायंटच्या (तुमच्या बाजूच्या एसएसएचच्या) कॉन्फिगमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० ठेवा, म्हणजे रिकाम्या कनेक्शनवरही दर ६० सेकंदांनी छोटा संदेश जातो. छोट्या कमांड चालतात, पण लांब आउटपुटला अडकतं? व्हीपीएनचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४०० करून पाहा.

पुन्हा लॉगिन होत नसेल आणि कन्सोलही (सर्व्हरचा थेट स्क्रीन-कीबोर्ड) मुका असेल, तर मात्र रीबूट. मग जर्नलसीटीएलने (लॉग वाचायची कमांड) मागच्या बूटचा कर्नल लॉग, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची नोंद, वाचा (जर्नल डिस्कवर साठत असेल तरच मिळेल). ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं, तर रॅम संपली होती.