युरोपियन कायद्यातली 'घटनात्मक ओळख': लिहिताना या चुका टाळा

घटनात्मक ओळख म्हणजे देशाच्या घटनेचा असा गाभा, ज्याला युरोपियन युनियनलाही हात लावता येत नाही. मूट कोर्टची (विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाची) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: "5 मे 2020 रोजी जर्मन घटना न्यायालयाने घटनात्मक ओळखीच्या आधारे युरोपियन न्यायालयाचा निकाल झुगारला." साफ चूक. युरोपियन सेंट्रल बँकेच्या रोखेखरेदीवरचा तो निकाल अधिकारातिक्रमणाचा, म्हणजे दिलेल्या अधिकाराबाहेर जाण्याचा होता. ओळखीचा मुद्दा तपासला गेला, पण सध्याच्या रचनेत संसदेच्या अर्थसंकल्पी जबाबदारीला धक्का लागलेला नाही, असंच कार्ल्सरुहेच्या, म्हणजे याच जर्मन न्यायालयाच्या न्यायाधीशांनी म्हटलं.

एका संघानं अख्खा युक्तिवाद या वाक्यावर उभा केला होता. परीक्षकांनी विचारलं, "ओळखीचा भंग झाला असं कोणत्या परिच्छेदात म्हटलंय?" पानं उलटली गेली, उत्तर सापडलं नाही, उरलेला वेळ सावरण्यात गेला. मुली हुशार होत्या. पण चार पानी सारांशावर भागवलं होतं, निकाल उघडलाच नव्हता. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण फरक कळायला अवघड नाही. अधिकारातिक्रमणात विचारायचं, हा अधिकार युनियनला दिला होता का? ओळखीत विचारायचं, तो देता तरी येतो का? जर्मनीत दुसऱ्याचं उत्तर मूलभूत कायद्याच्या (जर्मन घटनेच्या) कलम 79(3) मध्ये, म्हणजे घटनेचा न बदलता येणारा गाभा ठरवणाऱ्या कलमात आहे आणि 2009 च्या लिस्बन निकालानं तिथेच सीमा आखली. कुठलाही निकाल वाचताना यातला कोणता प्रश्न चाललाय ते मी आधी समासात लिहिते, मगच पुढे जाते. ओळखीचं खरं उदाहरण हवं असेल तर 15 डिसेंबर 2015 चा आदेश वाचा: इटलीत गैरहजेरीत शिक्षा झालेल्या माणसाचं प्रत्यार्पण त्यात मानवी प्रतिष्ठेच्या आधारे अडवलं गेलं.

युनियनच्या कराराचं कलम 4(2), म्हणजे युनियननं सदस्य देशांच्या राष्ट्रीय ओळखीचा आदर करावा असं सांगणारं कलम, हुकमाचा एक्का समजू नका. ऑस्ट्रियानं 1919 मध्ये सरदारकीच्या पदव्या रद्द केल्या. 2010 च्या साइन-विटगेनश्टाइन खटल्यात युरोपियन न्यायालयानं तो ओळखीचा भाग मानला खरा, पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि प्रमाणशीरता तपासूनच. इटलीचं तारिक्को प्रकरण (करचोरीच्या खटल्यांच्या मुदतीचं) तर 2017 मध्ये 4(2) चा आधार न घेताच सुटलं.

केशवानंद भारती खटल्याची मूलभूत चौकट, म्हणजे घटनेचा न बदलता येणारा गाभा, जशीच्या तशी इथे आणू नका. ती आपल्याच संसदेला घातलेली मर्यादा आहे; इथे प्रश्न देशाबाहेरच्या युनियनच्या अधिकाराचा आहे.

आणि पोलंडच्या घटना न्यायालयाचा 7 ऑक्टोबर 2021 चा निकाल जर्मनीच्या शेजारी बसवू नका. जर्मनीत एका बँकेचे निर्णय तपासले गेले; पोलंडमध्ये पंतप्रधानांच्या अर्जावर कराराचीच कलमं घटनाविरोधी ठरवली गेली.