एका डिस्टॉर्शन पेडलमधून तीन आवाज: एक स्विच, चार डायोड आणि रविवारची दुपार

बेळगावात ऑर्केस्ट्रात गिटार घेऊन बसलात की एका रात्रीत तिघांचं काम एकट्यानं करावं लागतं. आधी जुनं हिंदी गाणं, त्याला चिकटून कन्नड सिनेमातलं, आणि मध्येच कुणीतरी स्टेजच्या कडेला येऊन लावणीची चिठ्ठी सरकवतो. गणपतीत तर मंडळाचा बेंजोवाला तुमच्या पेडलवर डोळा ठेवूनच असतो. डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये लावायची, आवाज फाडणारी पायानं दाबायची डबी, मात्र एकच, आणि बहुतेकांकडे तेच केशरी बॉस डीएस-१.

हे पेडल १९७८ पासून बाजारात आहे. जो सॅट्रियानी, स्टीव्ह वाय, कर्ट कोबेन यांनी ते वापरलं, त्यामुळे पेडल कमअस्सल आहे असं कुणी म्हणू नये. पण गेन (आवाज किती फाडायचा ते ठरवणारी खुंटी) अर्ध्याच्या वर नेला की ते मधमाशीसारखं घोंघावतं, आणि पूर्ण बँड वाजायला लागला की गिटार कुठं गेली ते शोधावं लागतं. या दोन दुखण्यांवर हा इलाज. सामानाला पाव किलो कुंद्याच्या (आमच्या बेळगावच्या मिठाईच्या) किमतीच्या आसपास खर्च येतो.

आत काय चालतं ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर नुसती सोल्डरिंगची हौस होते. गिटारचा बारीक सिग्नल आधी ट्रान्झिस्टर आणि मग ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) फुगवतो. पुढं दोन सिलिकॉन डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) उलटसुलट तोंडं करून बसलेले असतात. लाट साधारण ०.६ व्होल्टच्या वर गेली की ते तिचा शेंडा छाटतात, एक वरचा, एक खालचा. हा छाटलेला शेंडा म्हणजेच डिस्टॉर्शन. लाल एलईडी हाही डायोडच, पण तो १.८ व्होल्टच्या आसपास जागा होतो. म्हणजे कात्री वर धरली: लाट जास्त मोकळी राहते, बोटांचा जोर ऐकू येतो आणि आवाजही मोठा होतो. डायोड काढूनच टाकले तर छाटायला फक्त ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँपची स्वतःची मर्यादा उरते. आवाज आणखी मोठा, आणि गेन कमी ठेवला तर बराच स्वच्छ. आपण या तिन्ही अवस्था एका स्विचवर आणणार आहोत.

सामान

सेंटर-ऑफ मिनी टॉगल स्विच एक, तीन पायांचा. दुकानात 'ऑन-ऑफ-ऑन' म्हणून मागा. नुसता 'टॉगल' म्हणालात तर दोनच स्थितींचा मिळेल आणि खडे बाजारच्या गर्दीत परत हेलपाटा पडेल. १एन४१४८ सिलिकॉन डायोड दोन, ३ मिलिमीटरचे लाल एलईडी दोन, ०.०४७ मायक्रोफॅराडचा पॉलिस्टर कपॅसिटर एक (अंगावर ४७३ लिहिलेलं असतं), बारीक वायर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, डीसोल्डर पंप आणि बीप वाजणारा मल्टीमीटर. डायोड आणि एलईडी चार-चार घ्या. एखादा तरी फरशीवर पडून कपाटाखाली जातोच.

आधी उघडून बघा

बॅटरी काढा, अडॅप्टर काढा. तळाचे चार स्क्रू काढले की पत्रा सुटतो. आत प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. तो फेकू नका, बोर्ड पत्र्याला चिकटून शॉर्ट होऊ नये म्हणून तो आहे. आता बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. नंतर 'ही वायर कुठली होती' असं झालं की हाच फोटो कामाला येतो.

इथंच निर्णय घ्यायचा. बोर्डावरचे भाग पाय असलेले, बोर्डाच्या आरपार गेलेले असतील तर पुढं चला. सगळं तांदळाच्या कणीसारखं, बोर्डाला चिकटवलेलं दिसलं तर झाकण लावा आणि थांबा. ते भाग हातानं बदलता येतात, पण पहिल्याच प्रयोगात नको. त्यापेक्षा जुनं, वापरलेलं पेडल शोधा.

डायोड काढणं

बोर्डावर डी४ आणि डी५ अशी छापील नावं शोधा. मल्टीमीटर बीपवर ठेवून खात्री करा: या दोघांची एकेका बाजूची टोकं एकमेकांना जोडलेली असतात. एक बाजू सिग्नलची, दुसरी ग्राउंडची (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामाईक जोडणीची). ग्राउंडची बाजू आउटपुट जॅकच्या बाहेरच्या धातूशी लावली की बीप देते. ती बाजू स्केचपेननं खुणावून ठेवा.

मग सोल्डर पातळ करून पंपानं ओढून घ्या. आयर्न एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नको. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा डायोड निघेना म्हणून आयर्न तसाच दाबून धरला. डायोड निघाला, आणि त्याच्याबरोबर बोर्डावरची तांब्याची चकतीही उचलून आली. मग तिथली वायर ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) खरवडून दुसरीकडे जोडावी लागली. सोल्डर सुटत नसेल तर आधी थोडं नवं सोल्डर लावा. नव्याबरोबर जुनंही वितळतं.

स्विचची जोडणी

दोन सिलिकॉन डायोड एकमेकांशेजारी उलट तोंडानं ठेवा. एकाची काळी पट्टी डावीकडं, दुसऱ्याची उजवीकडं. दोन्हीकडचे पाय पिळून सोल्डर मारा, म्हणजे एक जोडी झाली. तशीच एलईडीची: एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. दोन्ही जोड्यांचं एकेक टोक एकत्र करा आणि तिथून एक वायर ग्राउंडच्या छिद्रात न्या. सिलिकॉनच्या जोडीचं उरलेलं टोक स्विचच्या एका कडेच्या पायाला, एलईडीच्या जोडीचं दुसऱ्या कडेच्या पायाला. स्विचच्या मधल्या पायातून एक वायर सिग्नलच्या छिद्रात. बोर्डाकडं एकूण दोनच वायरी जातात. उघड्या पायांवर इन्सुलेशन ट्यूब चढवा.

सगळ्यांत मोठा फरक याच कामानं पडतो. एलईडीच्या जोडीतला एक एलईडी काढून तिथं १एन४१४८ घातला तर लाटेचे दोन शेंडे वेगवेगळ्या उंचीवर छाटले जातात. हा आवाज माझ्या कानाला जास्त गोड लागतो, पण एकट्यानं खोलीत वाजवताना. स्टेजवर ड्रमच्या आवाजात तो फरक मलाही ओळखता येत नाही, म्हणून मी साधे दोन एलईडीच ठेवले आहेत.

छिद्र

पेडलच्या डब्यात जागा फार कमी. स्विच कुठं बसतो ते आधी कागदावर आखून, बोर्ड जागेवर ठेवून बघा. जॅकला, बॅटरीच्या कप्प्याला किंवा पायानं दाबायच्या झडपेला तो आडवा यायला नको. पाय पडेल अशा जागीही नको. मग बोर्ड बाहेर काढा. बोर्ड आत ठेवून ड्रिल मारलं तर अल्युमिनियमचा कीस फटीफटीत जाऊन बसतो. आधी २ मिलिमीटरचं छिद्र, मग ६ चं. उद्यमबागेत ओळखीचा वर्कशॉपवाला असेल तर त्याच्याकडं न्या. ड्रिल मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे, आणि घरच्या ड्रिलसारखं घसरून रंगावर ओरखडा येत नाही.

हरवलेली गिटार परत आणणं

डीएस-१ चा टोन कंट्रोल ५०० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पाडतो. एकट्यानं वाजवताना तो खड्डा झकास वाटतो, पण बँडमध्ये गिटारची वस्ती नेमकी तिथंच असते. टोनच्या भागात सी११ हा ०.०२२ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर (२२३ लिहिलेला) आहे. त्या जागी ०.०४७ बसवा. खड्डा बराच भरून येतो. पॉलिस्टर कपॅसिटरला उलटं-सुलटं नसतं.

काही जण सी८ सुद्धा ०.४७ वरून १ मायक्रोफॅराड करायला सांगतात, बास वाढतो म्हणून. मूळ जोडणी ७२ हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि गिटारची जाड तार ८२ ची. आणखी खाली जाऊन फक्त गढूळपणा वाढतो. मी ते करत नाही.

झाकण लावण्याआधी

उघड्या पेडललाच बॅटरी जोडून वाजवून बघा, अँपचा आवाज कमी ठेवून. पेडल बंद असताना गिटार ऐकू येते आणि चालू केल्यावर स्विचच्या एका बाजूला आवाज बंद पडतो, असं झालं तर त्या जोडीचे दोन्ही पाय कुठंतरी एकमेकांना टेकले आहेत. मधली आणि कडेची स्थिती सारखीच ऐकू येत असेल तर त्या जोडीचा सांधा कच्चा आहे. सोल्डर चकचकीत दिसलं पाहिजे. फिक्कं, दाणेदार असेल तर पुन्हा तापवा. जुलैत आमच्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा जॅकही गंजतात, म्हणून उघडलंच आहे तर जॅकवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या.

अडॅप्टर घेताना पेडलवरची खूण बघा. हल्लीच्या डीएस-१ ला ९ व्होल्टचा, मध्ये ऋण असलेला लागतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या अडॅप्टरांत बहुधा मध्ये धन असतं, तो लावू नका.

स्टेजवर सुरुवात सिलिकॉनवर करा, एलईडी सोलोसाठी राखून ठेवा. छाटणीची पातळी तिप्पट झाली म्हणजे आवाज ९ डेसिबलच्या आसपास चढतो, वेगळा बूस्टर लागत नाही. मधली स्थिती गेन कमी करूनच लावा. पहिल्या कार्यक्रमात मी गेन तसाच ठेवून स्विच मध्ये आणला, आणि मिक्सरवरून हाक आली, "दादा, जरा कमी करा की वो!" तेव्हापासून स्विचच्या मधल्या खुणेवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे.