मुदतीची आठवण वेळेवर पोहोचत नाही? इंटिग्रेशन टेस्टिंगमधील या चुका टाळा

विदर्भात तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला मुदतीचे किती कागद सांभाळावे लागतात, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. सेंद्रिय गटाचे स्कोप सर्टिफिकेट (गटाची कोणती पिके सेंद्रिय म्हणून प्रमाणित आहेत, याचा दाखला) वर्षभरासाठी असते, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे पासिंग दर १२ महिन्यांनी आणि साध्या वजनमापांचे दर २४ महिन्यांनी करावे लागते, मालवाहू पिकअपचे फिटनेस आणि पीयूसी निराळे, आणि कंपनीचे स्वतःचे कृषी सेवा केंद्र असेल तर प्रत्येक खत कंपनीच्या उगम प्रमाणपत्राची (खत कोणाकडून येते, याच्या दाखल्याची) तारीख वेगळी. या नोंदी एक्सेलमधून सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मोबाइलवर आपोआप आठवण पाठवणारी व्यवस्था उभी करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. तिचा प्रत्येक भाग सुटा तपासला तर बरोबर निघतो; बिघाड होतो तो दोन भागांच्या जोडावर, आणि हा जोड तपासणे हेच इंटिग्रेशन टेस्टिंगचे काम आहे.

‘बरोबर ३० दिवस’ ही अट

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. रात्री चालणारा प्रोग्राम ज्या प्रमाणपत्रांची मुदत आजपासून बरोबर ३० दिवसांनी संपते तेवढीच निवडतो, आणि सुट्या चाचणीत ते अचूक दिसते. मृगाच्या वादळी पावसात रात्रभर लाईन गेली, कार्यालयातील संगणक बंद राहिला आणि प्रोग्राम चाललाच नाही, तर दुसऱ्या रात्री त्या प्रमाणपत्राचे २९ दिवस उरलेले असतात आणि त्याची आठवण कधीच जात नाही. कुठे त्रुटीची नोंदही होत नाही, कारण प्रोग्रामच्या लेखी काही चुकलेलेच नसते.

म्हणून अट ‘३० किंवा त्याहून कमी दिवस उरले आहेत आणि या टप्प्याची आठवण अद्याप पाठवलेली नाही’ अशी असावी, आणि पाठवल्याची नोंद वेगळ्या तक्त्यात राहावी. चाचणीत प्रोग्राम १ जूनला चालवावा, २ आणि ३ जून मुद्दाम वगळावेत, ४ जूनला पुन्हा चालवावा, आणि वगळलेल्या दिवसांत ज्यांचे ३० दिवस उरले अशा प्रत्येक प्रमाणपत्रासाठी एकच संदेश गेला का, हे पाहावे. त्यानंतर तोच प्रोग्राम त्याच दिवशी दुसऱ्यांदा चालवल्यास एकही नवा संदेश जाता कामा नये. अवघड प्रसंग याच्या पुढचा आहे: संदेश गेटवेकडे, म्हणजे आपला एसएमएस मोबाइल कंपनीपर्यंत नेणाऱ्या सेवेकडे गेला, पण ‘पाठवला’ अशी नोंद होण्याआधीच वीज गेली. चाचणीत प्रोग्राम नेमका त्या क्षणी बंद पाडून पाहावा. अशा वेळी संदेश दोनदा गेलेला चालेल, अजिबात न गेलेला चालणार नाही, असे आमचे मत आहे. मात्र हा निर्णय आधी लिहून ठेवावा आणि मगच चाचणी लिहावी.

घड्याळ आणि तारीख

सर्व्हर यूटीसी वेळेवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असेल आणि प्रोग्राम आपल्या रात्री साडेबाराला चालत असेल, तर सर्व्हरच्या दृष्टीने आदल्या दिवशीचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’ एक दिवस मागे राहतो, आणि ‘आज मुदत संपत आहे’ हा संदेश मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. हे पकडण्यासाठी संगणकाचे घड्याळ पुढे-मागे करू नये, कारण त्यामुळे सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात आणि चाचणी भलत्याच कारणाने फसते. प्रोग्रामला वेळ बाहेरून पुरवता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी.

मुदतीची तारीख हिशेबाने काढण्याचा मोहही टाळावा. २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये एक वर्ष मिळवले, तर कोणती प्रणाली २८ फेब्रुवारी देते, कोणती १ मार्च, तर कोणती थेट त्रुटी दाखवते. कागदावर छापलेली तारीखच भरून घ्यावी.

एक्सेलचे दुखणे याहून जुने आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ०४/०३/२०२६ ही तारीख ४ मार्चऐवजी ३ एप्रिल म्हणून साठवली जाते, आणि २५/०३/२०२६ मात्र पंचविसावा महिना नसल्याने नुसता मजकूर म्हणून राहते. चाचणीसाठी स्वतः तयार केलेली नीटनेटकी फाइल उपयोगाची नाही. कार्यालयातील लिपिकाने प्रत्यक्ष भरलेली, रिकाम्या रकान्यांची, देवनागरी अंकांची, एखाद्या ठिकाणी ‘जून अखेर’ असे लिहिलेली फाइलच घ्यावी. आलेल्या ओळी म्हणजे साठवलेल्या अधिक नाकारलेल्या, हा ताळा जुळला पाहिजे.

नेहमी ‘यशस्वी’ म्हणणारा खोटा गेटवे

चाचणीत एसएमएस गेटवेच्या जागी प्रत्येक संदेशाला होकार देणारा नकली गेटवे बसवला जातो आणि पुढे खऱ्या गेटवेशी गाठ पडल्यावर पंचाईत होते. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या विनियमांनुसार पाठवणाऱ्याचे शीर्षनाम (संदेशावर दिसणारे नाव) आणि संदेशाचा नमुना डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील दुवाही (लिंक) आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नोंदवलेल्या नमुन्याशी मजकूर जुळला नाही तर संदेश अडतो.

देवनागरी संदेशाच्या लांबीचेही असेच. एका संदेशात युनिकोडची (देवनागरीसह सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय संकेतप्रणालीची) ७० चिन्हे मावतात आणि मजकूर वाढला की प्रत्येक तुकड्यात ६७ राहतात. ‘प्रमाणपत्राची’ या शब्दात डोळ्यांना सहा अक्षरे दिसतात, पण चिन्हे तेरा मोजली जातात. ‘अबक गट’ असे नाव घालून केलेली चाचणी एका संदेशात बसते, आणि गटाचे खरे लांबलचक नाव येताच संदेश तीन तुकड्यांवर जाऊन खर्च तिप्पट होतो.

नवी आवृत्ती लावण्यापूर्वी निदान एक फेरी खऱ्या गेटवेमधून, वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेल्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर करावी. गेटवेने संदेश स्वीकारला म्हणजे तो पोहोचला असे नव्हे. पोच, म्हणजे संदेश फोनवर मिळाल्याची खबर, उशिरा येते, दोनदा येते, कधी येतच नाही, आणि हे तिन्ही प्रकार चाचणीत असावेत. फोन वावरात रेंजबाहेर असेल किंवा रिचार्ज संपलेला असेल, तर ठरावीक वेळेनंतर संदेश गट समन्वयकाकडे वळला पाहिजे.

नूतनीकरणानंतरची नोंद

नवे प्रमाणपत्र नव्या क्रमांकाने नोंदले जाते, जुनी नोंद तशीच राहते, आणि ‘मुदत संपली’ असे संदेश येतच राहतात. मग लोक खऱ्या संदेशाकडेही काणाडोळा करतात. उलट बाजूने, अर्ज केला एवढ्यावरच कोणी ‘झाले’ असे नोंदवले तर आठवण थांबते आणि प्रमाणपत्र हातात आलेले नसते. अर्ज केला, तपासणी झाली, प्रमाणपत्र मिळाले, या अवस्था वेगळ्या ठेवाव्यात. सेंद्रिय गटात २५ पासून ५०० पर्यंत शेतकरी एकाच स्कोप सर्टिफिकेटखाली असतात, त्यामुळे येथील एक चुकीची खूण सगळ्या गटाला भोवते.

‘मेसेज आलाच नाही’ अशी तक्रार आली की प्रथम साठवलेली तारीख पाहावी, मग त्या रात्रीच्या यादीत नोंद निवडली गेली का, मग गेटवेने दिलेला संदेश क्रमांक, आणि शेवटी पोच. या चारही ठिकाणी एकच ओळख क्रमांक ठेवला असेल, तर हा शोध फोनवर बोलता बोलता पुरा होतो.